वापरणारच नाहीत म्हणून सगळ्यात स्वस्तातला फोन? थांबा जरा

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताईंचे मिस्टर साठीच्या आसपासचे. अजून बटणांचा फोन वापरतात, आणि स्मार्टफोनचं नाव काढलं की "मला नको ती कटकट" म्हणून विषय संपवतात. त्यांच्या वाट्याची फोनची सगळी कामं मात्र ताईंकडे आलीत. त्यांच्या मित्रांचे निरोप ताईंच्या व्हॉट्सअॅपवर, तिकिटांचे, बँकेचे, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचे मेसेज ताईंच्या फोनवर, आणि ताई कामात असल्या तरी ओटीपी वाचून दाखवायचा तो त्यांनीच. मुलगी म्हणते बाबांना चांगला फोन घे. बजेट कमी आहे, आणि ताईंचं म्हणणं असं की ते वापरणार तर नाहीतच, मग सगळ्यात स्वस्तातला घेते आणि वाढदिवसाला सरप्राइज देते. मध्यंतरी ताईंनी स्वतःचा जुना फोन त्यांना दिला होता, तो आठवड्याभरात ड्रॉवरमध्ये गेला. तर कोणता फोन घ्यावा, आणि हाही ड्रॉवरमध्ये जाऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलंय फोनबद्दल, पण निम्मं पत्र तुमच्याच फोनवर दिवसभर काय काय येतं याबद्दल आहे. तुम्ही दमलायत. आणि मला वाटतं इथे फोनची खरी गरज तुम्हाला आहे, त्यांना नाही. यात वाईट काहीच नाही हं, उलट अगदी रास्त गरज आहे ही, फक्त ती "तुमच्याच भल्यासाठी सांगतेय" असं म्हणून त्यांच्यापुढे ठेवू नका, कारण साठीच्या माणसाला हे वाक्य लगेच ओळखू येतं आणि तिथेच तो कान बंद करतो. सरळ सांगा, "तुमची कामं माझ्या फोनवर येतात, मला ते झेपत नाहीये, त्यातली काही तुम्ही घ्या." एवढं स्पष्ट तुम्ही त्यांना कधी बोललायत का? पत्रावरून तरी वाटत नाही.

फोन घ्यायच्या आधी एक करा. गेल्या आठवड्यात त्यांच्यासाठी म्हणून तुमच्या फोनवर जे जे आलं ते आठवून कागदावर लिहून काढा. त्यातलं बरंचसं साधं एसेमेस असणार बघा. बँकेचा ओटीपी, तिकिटाचा मेसेज, डॉक्टरांकडची वेळ, हे सगळं बटणांच्या फोनवरही येतं, ते तुमच्याकडे येतंय कारण कधीतरी कुठला तरी फॉर्म भरताना तुमचा नंबर टाकला गेला आणि पुढे तोच राहिला. ते नंबर बदलून घ्या, जिथे त्यांचं खातं तिथे त्यांचा नंबर. फोनचं काहीही ठरो, हे करायलाच हवं, कारण उद्या तुम्ही आजारी पडलात किंवा तुमचा फोन हरवला तर त्यांना स्वतःच्याच पैशाला हात लावता येणार नाही, आणि ते मला स्मार्टफोन नसण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. एवढं केलंत की अर्धं ओझं नवा फोन न घेताच उतरेल. मग जे उरेल, म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, फोटो, मुलीचे व्हिडिओ कॉल, नकाशा, त्याच्यासाठी फोन बघायचा.

आता तुमचं ते गणित, "वापरणार नाहीत तर सगळ्यात स्वस्तातला." मला ते अगदी उलटं वाटतं. ज्याला फोनची आवड आहे तो कसलाही फोन चालवून घेतो, हँग झाला की रीस्टार्ट करतो, स्टोरेज भरलं की काय उडवायचं ते त्याला कळतं, मध्येच जाहिरात आली की कोपऱ्यातल्या त्या बारीकशा फुलीवर बरोबर बोट ठेवतो. ज्याला मुळातच नकोय त्याच्या हातात असा फोन दिला की काय होतं बघा, तो एकदा दाबतो, दोन सेकंद काहीच होत नाही, म्हणून परत दाबतो, तेवढ्यात फोनला जाग येते आणि दोन्ही वेळचं दाबणं एकदम लागू होतं, भलतंच काहीतरी उघडतं, आणि चूक फोनची असून बावळट वाटतं त्या माणसाला. दोन-तीनदा असं झालं की तो फोन खाली ठेवतो आणि म्हणतो "बघ, म्हणून नको म्हणत होतो", आणि त्याचं चुकत नाही काही. आवड नसलेल्या माणसाला न अडकणारा फोन लागतो. म्हणून बजेट कमी असलं तरी सगळ्यात खालच्या पायरीवरचा घेऊ नका, एक-दोन पायऱ्या वर चढा, आणि पैसे वाचवायचेच तर कॅमेऱ्यात वाचवा, फास्ट चार्जिंगमध्ये वाचवा, त्यांना त्याचं काही पडलेलं नाही.

आणि तो ड्रॉवरमधला फोन. तो का गेला ड्रॉवरमध्ये? तुम्ही लिहिलंय "त्यांना टेक्नॉलॉजी आवडतच नाही", पण त्याच पत्रात खाली असंही लिहिलंय की रेडिओ बिघडला तर स्वतः उघडून बसतात. मग टेक्नॉलॉजी आवडत नाही असं कसं म्हणायचं? नेमकं काय नकोय ते शोधायला हवं, कारण प्रत्येक कारणाला उपाय वेगळा आहे. काहींना सारखा टिंग टिंग आवाज नको असतो. काहींना भीती असते की चुकून काहीतरी दाबलं जाईल आणि पैसे जातील. काहींना अक्षरं दिसत नाहीत पण तसं कबूल करायचं नसतं. काहींना बायकोकडून किंवा मुलांकडून शिकवून घ्यायला नको वाटतं. आणि काहींचा राग फोनवर नसतोच, सगळं घर आपापल्या फोनमध्ये मान घालून बसतं आणि आपल्याशी कुणी बोलत नाही, हा राग असतो, ते मनात धरून नवा फोन नाकारला जातो. शेवटचं कारण असेल तर कितीही चांगला फोन आणा, उपयोग नाही, आधी जेवताना तुमचा फोन बाजूला ठेवावा लागेल. तर विचारा त्यांना, पण "का नाही वापरत?" असं विचारू नका, त्याला कुणीही वैतागतंच. "त्या जुन्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला?" असं विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका.

एक गोष्ट मी बटणांच्या फोनवरून आलेल्या माणसांत नेहमी बघते, ती सांगते, कदाचित तुमच्याकडेही हेच झालं असेल. बटण दाबायची सवय असलेला माणूस स्क्रीनवरही जोर देऊन दाबतो आणि बोट थोडा वेळ तिथेच ठेवतो. टच स्क्रीनला ते "दाबून धरणं" वाटतं, आणि दाबून धरण्याचा अर्थ तिथे वेगळाच असतो, आयकॉन जागचे हलतात, "काढून टाका" वगैरे मेनू वर येतो, व्हॉट्सअॅपमध्ये मेसेज निवडला जातो. माणूस बिचारा नुसतं उघडायला गेलेला असतो आणि फोन विचारतो डिलीट करू का. यावर उपाय आहे, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत "टच अँड होल्ड डिले" म्हणून आहे, तो लाँग करा, म्हणजे बोट जरा जास्त वेळ टेकलं तरी फोन त्याला साधं दाबणंच समजतो. कॉल घेतानाचंही तसंच, ते हिरवं बटण बऱ्याच फोनमध्ये सरकवावं लागतं, नुसतं दाबून काही होत नाही, रिंग वाजतच राहते आणि हे दाबतच राहतात. सॅमसंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेणं आणि बाजूच्या बटणाने ठेवणं अशी सोय सेटिंगमध्ये चालू करता येते, म्हणजे परत खरं बटण मिळालं. दुसरा कुठला फोन घेतलात तर त्यात असं काही आहे का ते घेतानाच बघा.

आता फोन कसा निवडायचा. एकच मॉडेल सांगा म्हणालात पण मॉडेल सारखी बदलतात, म्हणून काय बघायचं ते सांगते.

सगळ्यात आधी, तुमचा जो फोन आहे त्याच कंपनीचा घ्या. उद्या त्यांचा फोन येणार "अगं ते वरचं गेलं कुठे?", तेव्हा तुमच्या हातात तसाच मेनू असेल तर डोळ्यासमोर बघून सांगता येतं, नाहीतर दोघांची भांडणं होतात. माझ्या मते हा मुद्दा बाकी सगळ्या स्पेसिफिकेशनपेक्षा मोठा आहे.

रॅम, म्हणजे चालू कामांसाठी फोनला लागणारी तात्पुरती जागा, ६ जीबी आणि स्टोरेज १२८ जीबी असेल तर निवांत. जाहिरातीत "१२ जीबीपर्यंत रॅम" असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, त्यातली बरेचदा निम्मी व्हर्च्युअल असते, म्हणजे स्टोरेजमधलीच जागा रॅम म्हणून वापरलेली, आणि स्टोरेज रॅमपेक्षा बरंच हळू असतं, खरी किती तेवढंच विचारा. स्टोरेज कुठल्या प्रकारचं तेही बघा, अगदी स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी असतं ते हळू, यूएफएस असेल तर चांगलं, फोन अडकण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेल वाचून खूश व्हायचं कारण नाही, एरवी फोटो येतो तो चार-चार पिक्सेलचा एक करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच, आणि शेजारी ते २ मेगापिक्सेलचे एक-दोन जास्तीचे कॅमेरे असतात ते नसले तरी काही अडत नाही. बॅटरी ५००० एमएएच आता या रेंजमध्ये सर्रास मिळते, कमी वापरणाऱ्या माणसाला ती दीड-दोन दिवस सहज जाते, आणि हे त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण बटणांचा फोन आठवडाभर चालवलेल्या माणसाला रोज चार्जिंग हीच पहिली कटकट वाटते. ही गोष्ट आधीच सांगून ठेवा.

अपडेट किती वर्षं मिळणार ते नक्की विचारा. असे लोक फोन बदलत नाहीत, पाच-सहा वर्षं तोच वापरतात, आणि सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेची कामं करणं बरं नाही. कमी किमतीच्या फोनमध्ये पूर्वी जेमतेम दोन-तीन वर्षं मिळायची, आता सुधारलंय, सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ला ६ वर्षांचे सिक्युरिटी अपडेट जाहीर केलेत, आणि युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून तिथे नव्याने येणाऱ्या मॉडेल्ससाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून पुढे निदान ५ वर्षं अपडेट द्यायचा नियमच केलाय. पण कंपन्या जाहीर करतात ती वर्षं सहसा मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. सेलमध्ये मोठ्या डिस्काउंटला लावलेला फोन दोन वर्षं जुना असेल तर तेवढी वर्षं आधीच गेली.

आकार आणि वजन मात्र कागदावर वाचून कळत नाही. आताचे बजेट फोन जवळजवळ सगळेच साडेसहा इंचाच्या वर, वजन २०० ग्रॅमच्या आसपास, बटणांचा फोन त्याच्या निम्म्याहून कमी. शर्टाच्या खिशात ठेवून वाकलं की पडतो. म्हणून त्यांना बरोबर घेऊन जा, हातात धरू दे, कानाला लावू दे, आवाज किती मोठा येतो ते ऐकू दे. सरप्राइज नको. सरप्राइज ज्याला हवं असतं त्याला द्यावं, नको म्हणणाऱ्याला दिलं की त्याला आपलं म्हणणं कुणी ऐकलंच नाही असं वाटतं, आणि तेही वाढदिवसाच्या दिवशी, चार माणसांसमोर, हसून "छान आहे" म्हणावं लागतं. तुमच्या जुन्या फोनचंही थोडं हेच झालं असणार. एक तर बॅटरी दमलेली, त्यात तुमचे फोटो, तुमची अॅप्स, तो त्यांचा फोन झालाच नाही कधी.

आणि हो, तो रेडिओ. काही बजेट फोनमध्ये अजून एफएम रेडिओ आणि वायरच्या इयरफोनचं भोक असतं, महागड्या फोनमधून दोन्ही गेलंय. इयरफोनची वायर अँटेनाचं काम करते म्हणून ती लावल्याशिवाय बहुतेक फोनवर एफएम लागत नाही, पण इंटरनेट लागत नाही की काही नाही. रेडिओची इतकी आवड असलेल्या माणसासाठी मी हे यादीत बरंच वर ठेवीन. ज्या कामासाठी स्वतःहून फोन हातात घ्यावासा वाटेल असं निदान एक काम त्यात हवं, नुसती कर्तव्यं नकोत.

घरी आणल्यावर त्यांच्या हातात द्यायच्या आधी एक संध्याकाळ तुम्ही आणि मुलगी बसा. आधीपासून भरलेली गेम्स, शॉपिंगची अॅप्स उडवा, जी उडत नाहीत ती डिसेबल करा. लॉक स्क्रीनवर बातम्या आणि जाहिराती दाखवणारं काही असेल तर ते सेटिंगमधून बंद करा, काही कंपन्यांच्या स्वस्त फोनमध्ये हे मुद्दाम चालू ठेवलेलं असतं. पहिल्या पानावर चार-पाचच आयकॉन, फोन, मेसेज, व्हॉट्सअॅप, कॅमेरा, रेडिओ. अक्षरं मोठी करा पण अगदी शेवटच्या पायरीपर्यंत नाही, तिथे काही अॅप्समधली बटणं कापली जातात. खाली तीन बटणं येतील असं नेव्हिगेशन ठेवा, ते बोटाने सरकवायचं जेश्चर नवीन माणसाला नकोच, मागे जायला एक ठरलेली जागा पाहिजे. नोटिफिकेशन कॉल आणि मेसेज सोडून सगळ्यांची बंद. व्हॉट्सअॅपमध्ये ऑटो डाउनलोड बंद, म्हणजे सकाळचे फुलांचे फोटो स्टोरेज भरणार नाहीत, अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट, आणि ग्रुपमध्ये कुणी टाकायचं ते "माझे काँटॅक्ट" एवढंच, किंवा त्यातूनही नेहमीचे उत्साही लोक वगळून. लास्ट सीन आणि निळ्या टिक बंद करता येतात हेही त्यांना दाखवा, "मेसेज वाचला तर लगेच उत्तर द्यावं लागतं" या धास्तीने फोन नको म्हणणारे खूप आहेत, त्यांना हे कळलं की चेहरा सैल होतो.

शिकवणं तुम्ही करू नका असंच मी म्हणेन. माफ करा, पण पत्रात तुम्हीच लिहिलंय की "द्या इकडे, मीच करते" असं तोंडून निघतं. नवरा-बायकोत हे होतंच, पण हातातून फोन काढून घेतला की शिकणाऱ्याचं शिकणं तिथेच थांबतं. मुलगी शिकवू शकते, नाहीतर त्यांचाच एखादा मित्र, तो सगळ्यात उत्तम, मित्रापुढे आपल्याला येत नाही याची लाज वाटत नाही आणि थोडी ईर्ष्याही असते. फोन त्यांच्याच हातात, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती पुरती बसेपर्यंत दुसरी नाही. त्यांना त्यांच्या हाताने वहीत पायऱ्या लिहू द्या, हे जुनाट वाटेल पण रेडिओ उघडणारा माणूस असाच शिकतो.

पैशाची भीती असेल तर ती खोटी आहे असं म्हणू नका, ती खरी आहे. फक्त तिला मर्यादा घालून द्या, की काहीही दाबलं तरी फोन बिघडत नाही, जपायचं ते एवढ्यालाच, ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगायचा नाही, आलेल्या लिंकवरून काहीही इन्स्टॉल करायचं नाही, आणि फोनवर कुणी "स्क्रीन शेअर करा, मी मदत करतो" म्हणाला तर तिथेच कॉल कट. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी कट. सुरुवातीला पेमेंटचं अॅप टाकूच नका, तेच स्वतःहून मागतील तेव्हा टाका, आणि त्याला जोडायचं खातंही थोडेच पैसे असलेलं.

एवढं करूनही ते नको म्हणाले तर? मग नको. जुना बटणांचा फोन खिशात राहू दे, आणि नवा फोन घरात वायफायवर ठेवा, व्हिडिओ कॉलला, फोटो बघायला. हळूहळू हात वळला तर वळला. काही अॅप्सना सिम त्याच फोनमध्ये लागतं, ते आधी बघून घ्या. पण तुमच्या बाजूनेही एक हद्द ठरवा, की त्यांचे निरोप मी दिवसातून एकदा संध्याकाळी सांगणार, ओटीपीसाठी हातातलं काम टाकून येणार नाही, आणि मित्रांना कळवा की यांना फोनच करा. न वापरण्याचा हक्क त्यांचा आहे, त्याची सगळी किंमत तुम्ही एकटीने का भरायची? हे रागाने नाही, शांतपणे सांगा, आणि सांगितलं की पाळा.

फोन घेताना परत किंवा बदलून देण्याची मुदत किती ते विचारा, बॉक्स आणि बिल जपून ठेवा, आणि वरचं सगळं सेटिंग त्या मुदतीच्या आतच उरका, म्हणजे आवाज कमी पडतोय किंवा फोन अडकतोय असं लक्षात आलं तर तेव्हाच बदलून घेता येईल.